आलात कुठल्या दाराने? अमेरिकी सैनिकांचे नातलग आणि कागदांचा प्रश्न

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना शहरात एका रेस्टॉरंटच्या आवारात झाडं छाटणाऱ्या माळ्याला इमिग्रेशनच्या माणसांनी पकडून जमिनीवर पाडलं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. माणूस मूळचा मेक्सिकोचा. नव्वदच्या दशकापासून अमेरिकेत राहत होता, पण कागद एकही नाही. आणि त्याचे तिन्ही मुलगे अमेरिकेच्या मरीन कोअरमधले. एक सेवा संपवून आलेला, दोघं तेव्हा वर्दीत. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना पडलेला प्रश्न सरळ होता: तीन-तीन मुलं देशासाठी उभी असताना बापाला इतक्या वर्षांत साधं ग्रीनकार्ड कसं मिळालं नाही?

कारण मुलगा सैन्यात गेला की घरच्यांचे कागद आपोआप होतात, हा निव्वळ समज आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 'सैनिकाचे आईवडील' किंवा 'सैनिकाची बायको' असा वेगळा व्हिसा नाही. नातलगाला जे मिळतं ते नात्यातून मिळतं, म्हणजे नागरिकाची बायको, नवरा, आई, वडील किंवा मूल म्हणून. सैनिकी सेवेमुळे फार तर दाराला लागलेला एक अडसर निघतो. आणि तो अडसर नेमका कुठला, हे ठरतं एका जुन्या प्रश्नावर: तुम्ही या देशात आलात कुठल्या दाराने?

समजा, दोन आया आहेत. दोघींचे मुलगे अमेरिकी नागरिक आहेत, सैन्यात आहेत, एकवीस वर्षांच्या पुढचे आहेत. पहिली आई व्हिजिटर व्हिसावर न्यूअर्कच्या विमानतळावर उतरली, अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला, सहा महिने राहायची परवानगी दिली. ती परत गेलीच नाही. दुसरी आई पंधरा वर्षांपूर्वी ॲरिझोनाचं वाळवंट रात्री चालत ओलांडून आली. आज दोघीही कागदांविना आहेत. पकडल्या गेल्या तर दोघींनाही हद्दपारीच्या कोर्टात उभं राहावं लागेल.

पण पहिलीचा मुलगा उद्या आय-१३०, म्हणजे नातलगासाठीचा अर्ज, भरू शकतो आणि तीही त्याच्यासोबतच आय-४८५ भरून देश न सोडता ग्रीनकार्ड मागू शकते. मुदत संपल्यावर ती राहिली, कदाचित कुणाच्या घरी पोळ्या लाटून रोख पैसेही घेतले, तरी ते आड येत नाही. नागरिकाचा जोडीदार, एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल आणि एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाचे आईवडील या तीन नात्यांना कायदा 'इमिजिएट रिलेटिव्ह' म्हणतो. त्यांना कोट्याची रांग नाही आणि मुदतीपेक्षा जास्त राहण्याची चूकही त्यांना माफ असते. या आईला मुलाच्या वर्दीची गरजच नाही. तो बँकेत कारकून असता तरी हेच झालं असतं.

दुसरीला हा मार्ग बंद. कायद्याच्या कलम २४५ मध्ये अट आहे की अर्जदाराला तपासणी होऊन 'प्रवेश' मिळालेला असावा किंवा 'पॅरोल' मिळालेला असावा. ती दारातून आलीच नाही, त्यामुळे तिला प्रवेश कुणी दिला नाही. मुलगा नागरिक आहे, आय-१३० मंजूरही होईल, पण पुढचं पाऊल टाकायला जमीन नाही.

मग तिने मायदेशी जाऊन तिथल्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यावा, असं कुणीही म्हणेल. १९९६ साली क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने ती वाट काटेरी करून ठेवली आहे. बेकायदा राहणं १८० दिवसांपेक्षा जास्त झालं आणि मग देश सोडला, तर ३ वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल तर १० वर्षं. ही शिक्षा राहण्याने लागत नाही, बाहेर पडण्याने लागते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा हा प्रकार. (अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीचे दिवस यात मोजत नाहीत, हे लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवावं.)

दुसऱ्या आईच्या बाबतीत मात्र मुलाची वर्दी उपयोगी पडते.

पॅरोल म्हटलं की आपल्याला येरवड्याचा तुरुंग आठवतो. इथला पॅरोल वेगळा. इमिग्रेशन कायद्यातला पॅरोल म्हणजे अधिकृत 'प्रवेश' न देता माणसाला काही काळ आत राहू देणं. एच-१बी वरून ग्रीनकार्डच्या रांगेत असलेले आपले लोक ज्याला 'एपी' म्हणतात तो ॲडव्हान्स पॅरोल याच कुळातला. फॉर्मही तोच, आय-१३१. फरक इतकाच की ॲडव्हान्स पॅरोल बाहेर जाऊन परत येण्यासाठी असतो, आणि 'पॅरोल इन प्लेस' म्हणजे आहात तिथेच, हलल्याशिवाय मिळालेला पॅरोल.

आत असलेल्या माणसाला आत येऊ देण्याची परवानगी कशी काय देता येते? कायद्याने एक कल्पना मानून घेतली आहे. जो तपासणी न होता आत शिरला तो वीस वर्षं शिकागोत राहिला, मुलं वाढवली, कर भरला, तरी कायद्याच्या नजरेत अजून उंबरठ्यावरच उभा आहे, 'प्रवेश मागणारा' म्हणून. त्याला प्रवेश कधी मिळालाच नाही ना! आणि जो अजून उंबरठ्यावर आहे त्याला पॅरोल देता येतो. कलम २१२(डी)(५) त्यासाठी दोन कारणं सांगतं: तातडीची मानवी गरज किंवा देशाचा मोठा लाभ, आणि निर्णय एकेक प्रकरण बघून. पॅरोल मिळाला की कलम २४५ मधला 'किंवा पॅरोल मिळालेला' हा तुकडा पुरा होतो, आणि दुसऱ्या आईलाही देश न सोडता ग्रीनकार्ड मागता येतं. बाहेर पडायचंच नसल्यामुळे १० वर्षांची बंदीही लागत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे, पण तिच्यावर हजारो घरं उभी आहेत.

ही सोय सैनिकांच्या घरांपर्यंत पोहोचली ती इराकमधून. मे २००७ मध्ये बगदादच्या दक्षिणेला ॲलेक्स जिमेनेझ नावाचा सैनिक शत्रूच्या हाती सापडून बेपत्ता झाला. त्याच वेळी इकडे त्याच्या बायकोवर हद्दपारीची टांगती तलवार होती, कारण ती डॉमिनिकन रिपब्लिकमधून कागदांविना आलेली होती. नवरा युद्धात हरवलेला आणि सरकार बायकोला बाहेर काढायला निघालेलं, हे चित्र कुणालाच पेलवेना. होमलँड सिक्युरिटीचे तेव्हाचे मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी हात घातला आणि तिचा मार्ग मोकळा झाला. जिमेनेझचे अवशेष पुढच्या वर्षी सापडले. त्यानंतर काही वर्षं हे काम कार्यालयागणिक वेगळं चाले, एका शहरात मंजूर तर दुसऱ्या शहरात नाही. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने लेखी धोरण काढून सगळ्या देशाला एक नियम लावला. २०१६ मध्ये तो आणखी रुंदावला. आणि २०१९ च्या अखेरीस, या सोयीवर गदा येणार अशा बातम्या आलेल्या असताना, अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात सैनिकांच्या कुटुंबांसाठी पॅरोल इन प्लेस महत्त्वाचा आहे असं नोंदवून ठेवलं. कायद्याने हक्क दिला असं मात्र नाही. आधार मिळाला, एवढंच.

याची गल्लत २०२४ च्या योजनेशी करू नका. बायडन सरकारने त्या ऑगस्टमध्ये सैनिकी असोत वा नसोत, नागरिकांच्या जोडीदारांसाठी असाच पॅरोल सुरू केला होता. टेक्सासच्या फेडरल कोर्टाने आठवड्याभरात तो थांबवला आणि नोव्हेंबरमध्ये रद्द केला. सैनिकी कुटुंबांची सोय त्याहून जुनी आणि वेगळी. ती त्या निकालात बुडाली नाही.

मात्र उंबरठ्याच्या त्याच कल्पनेला दुसरीही धार आहे, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोचरं वाटतं. माणूस 'अजून प्रवेशच मागतो आहे' असं मानलं म्हणून त्याला पॅरोल मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन कोर्टांवरच्या अपील मंडळाने, तेच वाक्य उलटं फिरवलं: तो अजून प्रवेश मागणारा असेल, तर त्याला अटकेतच ठेवायला हवं आणि इमिग्रेशन जजला जामीन देण्याचा अधिकारच नाही. अनेक फेडरल न्यायाधीशांनी हे मानायला नकार दिला आहे आणि वाद वरच्या कोर्टांत गेला आहे. पण घरात बसलेल्या माणसाला यातून एवढं कळलेलं बरं की वाळवंटातून आलेल्या आईला आज अटकेचा धोका विमानाने आलेल्या आईपेक्षा वेगळा आणि जास्त आहे. एकाच कायद्याचं एकच वाक्य, एका टेबलावर दार उघडतं, दुसऱ्या टेबलावर कोठडीचं.

आता कुणाला मागता येतं ते बघू. सैनिक आज सक्रिय सेवेत असेल, राखीव दलांपैकी 'सिलेक्टेड रिझर्व्ह'मध्ये असेल, किंवा पूर्वी यांपैकी कशात तरी होता आणि त्याची सेवा 'डिसऑनरेबल', म्हणजे अप्रतिष्ठेची, ठरून संपली नसेल, तर त्याचा जोडीदार, आईवडील आणि मुलं अर्ज करू शकतात. सैनिक हयात नसला तरी विधवा, आईवडील आणि मुलांना दार उघडं असतं. भावंडं नाहीत. सासू-सासरे नाहीत. आजी-आजोबाही नाहीत. आपल्याकडे कुटुंब म्हणताना ज्यांची नावं आपण एका दमात घेतो त्यातली निम्मी इथे गळतात, आणि घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. मोठा भाऊ मरीन झाला म्हणून धाकट्या बहिणीला यातून काही मिळत नाही. आईला मिळालं तरी तिच्यासोबत बहिणीचं नाव जोडता येत नाही, कारण इमिजिएट रिलेटिव्हच्या अर्जात मागोमाग येणाऱ्यांना जागा नसते. भावाने बहिणीसाठी वेगळा अर्ज टाकला तर तो वेगळ्या रांगेत पडतो. भारतीयांसाठी ती रांग दीड दशकाहून जास्त लांब आहे, आणि बहीण तपासणीविना आलेली असेल तर रांग सरल्यावरही घोळ संपत नाही.

इथे कायदा दोन पायऱ्यांवर उभा आहे हे लोक विसरतात. पॅरोल ही पहिली पायरी. ती मिळाली की साधारण एका वर्षासाठी राहता येतं, आय-७६५ भरून कामाचा परवाना मागता येतो, मुदत वाढवून मागता येते. पण ग्रीनकार्ड ही दुसरी पायरी आणि तिला नागरिक लागतो. सैनिक स्वतः ग्रीनकार्डधारक असेल तर त्याला आईवडिलांसाठी अर्जच करता येत नाही. बायकोसाठी करता येतो, पण ती इमिजिएट रिलेटिव्ह ठरत नाही आणि बेकायदा राहण्याची ती माफी तिला लागू होत नाही. म्हणून पॅरोल हातात असूनही घर तिथेच अडकतं.

यावरचा उपाय सैनिकाकडेच असतो, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. इतर ग्रीनकार्डधारकांना नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. सैनिकाला शांततेच्या काळात एक वर्षाची चांगली सेवा पुरते, आणि युद्धकाळात तेवढीही लागत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतरचा काळ जॉर्ज बुश यांनी जुलै २००२ च्या आदेशाने असा काळ म्हणून जाहीर केला. तेव्हा सैनिकाने आधी आपला एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरावा, सेवेचा दाखला एन-४२६ युनिटकडून सही करून घ्यावा. सैनिकांना या अर्जाची फी नसते. तो नागरिक झाला की बायकोचं प्रकरण एकदम हलकं होतं. आईवडिलांसाठी मात्र त्याने एकवीस वर्षं पूर्ण करायला हवीत. अठराव्या वर्षी भरती झालेल्या पोराच्या आईला तोवर तीन वर्षं पॅरोलची मुदत वाढवत काढावी लागतात.

कागदांविना असलेल्या माणसाला स्वतः भरती होऊन हे सगळं करता येईल का, असं मुलं हमखास विचारतात. नाही. भरतीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. २००९ ते २०१६ या काळात 'माव्नी' नावाची एक खिडकी उघडी होती. कायदेशीर व्हिसावर असलेले डॉक्टर-नर्स आणि हव्या असलेल्या भाषा बोलणारे लोक त्यातून थेट सैन्यात घेतले, १० हजारांहून जास्त. हिंदी, पंजाबी, तमिळ, मल्याळम बोलणारी आपली कितीतरी मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून थेट बूट कॅम्पला गेली. काही महिन्यांत नागरिक झालेले आहेत आणि नंतरच्या सुरक्षा-तपासण्यांत वर्षानुवर्षं लटकलेलेही आहेत. खिडकी आता बंद आहे. पण त्यातून नागरिक झालेले माजी सैनिक आहेत, आणि त्यांच्याकडे राहायला येऊन परत न गेलेले आईवडीलही असू शकतात. त्यांनी पहिल्या आईची वाट धरावी. पॅरोलच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

पॅरोल काय काय दुरुस्त करत नाही, याची यादी त्याच्या फायद्यांपेक्षा मोठी आहे. त्यातल्या दोन गोष्टी सर्वांत घातक. पहिली म्हणजे दुसऱ्यांदा शिरणं. एकूण वर्षभराहून जास्त बेकायदा राहून जो बाहेर गेला, किंवा ज्याला हद्दपार केलं, आणि नंतर पुन्हा चोरवाटेने आला, त्याला कायमची बंदी लागते. ती उठवायला बाहेर जाऊन किमान १० वर्षं काढावी लागतात. मुलाची किती पदकं आहेत याने त्यात फरक पडत नाही. आजारी आईला भेटायला गावी गेलो आणि परत डोंगरातून आलो, ही गोष्ट वकिलासमोर सांगताना लोक ती सहज, बोलता बोलता सांगतात, आणि तिथेच प्रकरण संपतं. दुसरी म्हणजे मी अमेरिकी नागरिक आहे असं खोटं सांगणं. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर घाईत चुकीच्या चौकोनात खूण केली, तरी त्यात सापडू शकता, आणि ग्रीनकार्डसाठी त्याला माफीचा अर्जही नाही. गुन्हे, खोटे पासपोर्ट, जुना हद्दपारीचा आदेश, या सगळ्याचा वेगवेगळा निकाल लावावा लागतो. कोर्टाची तारीख चुकवून पाठीमागे आदेश निघाला असेल तर आधी तोच उघडून घ्यावा लागतो.

व्हिसावर येऊन राहिलेल्यांना पॅरोल इन प्लेस मिळत नाही, कारण त्यांना एकदा प्रवेश मिळालेला आहे, ते उंबरठा ओलांडून आलेले आहेत. त्यांच्यातल्या ज्यांना ग्रीनकार्डची वाट नाही अशा सैनिकी नातलगांसाठी 'डिफर्ड ॲक्शन' आहे. म्हणजे सरकार म्हणतं, तूर्तास तुमच्यावर कारवाई करत नाही. ही सवलत साधारण दोन वर्षांची असते, कामाचा परवाना मागता येतो, त्या काळात बेकायदा दिवस वाढत नाहीत. पण त्याने 'पॅरोल मिळालेला' ही अट पुरी होत नाही. पॅरोलची पायरी पुढे जाते, ही पायरी जिथल्या तिथे थांबते.

आणि आता कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी. बोटीवर गेलेला काका अमेरिकेच्या बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही, अशा गोष्टी किनाऱ्यावरच्या घरांना नव्या नाहीत. बंदरात नाविकाला उतरायची परवानगी फार तर २९ दिवसांची असते, आणि त्याला कायदा 'प्रवेश' मानतच नाही. पुढे त्याने तिकडे लग्न केलं, पोरगा तिथेच जन्मला, म्हणून जन्माने नागरिक, आणि मोठा होऊन नेव्हीत गेला. वर सांगितलेल्या हिशेबाने काकाचं काम व्हायला हवं. होत नाही. कलम २४५ मध्ये नाविकांना नाव घेऊन वगळलं आहे. इमिजिएट रिलेटिव्हला मिळणारी माफी नाविकाच्या वगळण्याला लागू नाही आणि पॅरोल मिळवला तरी ते वगळणं पुसलं जात नाही. विमानाने जाऊन तिथे बोट पकडायला निघालेला, म्हणजे क्रू व्हिसावर गेलेला माणूसही यातच येतो. हा नियम जुना आहे आणि माझ्या मते आज त्याला फारसा अर्थ उरलेला नाही, पण तो आहे.

अशा काकासाठी दोन वाटा तपासाव्यात. एक म्हणजे कलम २४५(आय). त्याच्यासाठी, किंवा काही वेळा त्याच्या बायकोसाठी वा आईवडिलांसाठी, कुणी ३० एप्रिल २००१ किंवा त्याआधी एखादा अर्ज टाकलेला असेल (बहिणीने, नोकरी देणाऱ्या हॉटेलवाल्याने, कुणीही), तर तो अर्ज पुढे बारगळला तरी १,००० डॉलर दंड भरून देशातच ग्रीनकार्ड मागण्याची सोय त्याला मिळू शकते. अर्ज १४ जानेवारी १९९८ नंतरचा असेल तर २१ डिसेंबर २००० या दिवशी तो अमेरिकेत होता हे दाखवावं लागतं. ही सोय नाविकाला चालते, वाळवंटातून आलेल्यालाही चालते, म्हणून पेटीतली जुनी पत्रं फेकू नका. दुसरी वाट म्हणजे आय-६०१ए. इथे राहूनच १० वर्षांच्या बंदीची माफी आधी मागायची, ती मिळाली की मगच वकिलातीत मुलाखतीला जायचं. भारतीयांसाठी ती बीकेसीतली मुंबईची वकिलात. यात एक मेख आहे. तुम्ही गेलात तर 'एक्स्ट्रीम हार्डशिप', म्हणजे असह्य हाल, होतील हे दाखवायचं असतं नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या नवऱ्याचे, बायकोचे किंवा आईवडिलांचे. मुलाचे हाल थेट धरले जात नाहीत. म्हणजे नेव्हीतला मुलगा अर्ज टाकू शकतो, पण हाल काकूचे दाखवावे लागतात, आणि काकूकडे आधी कागद हवेत. शिवाय या माफीला वर्षं लागतात.

सैनिक युद्धात मारला गेला आणि तो नागरिक होता, किंवा मरणोत्तर नागरिकत्व मिळालं, तर विधवा, मुलं आणि आईवडील यांना त्याच्या जागी स्वतः अर्ज करता येतो. त्यासाठी मृत्यूनंतर दोन वर्षांची मुदत असते, आणि दुःखाच्या दिवसांत ती पटकन उलटते. युनिटकडून मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात विचारावं.

आणि नवरा सैनिक असून मारहाण करत असेल, माझ्याशिवाय तुझं काही होणार नाही म्हणत आय-१३० वर सही करायला टाळत असेल, तर त्याच्या सहीशिवाय चालणारी वाट आहे. 'व्हावा' (VAWA) या महिलांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली आय-३६० हा अर्ज बाई स्वतः करते आणि नवऱ्याला कळवलं जात नाही. तपासणीविना आलेल्या बाईलाही तो अर्ज मंजूर झाल्यावर ग्रीनकार्ड मागता येतं.

अर्जासोबत काय जोडायचं ते फार अवघड नाही. आय-१३१ वर सैनिकी पॅरोल असल्याचं स्पष्ट लिहायचं. नात्याचा पुरावा, म्हणजे विवाहाचा किंवा जन्माचा दाखला. सेवेचा पुरावा, म्हणजे सेवेत असेल तर आदेश किंवा अवलंबितांचं ओळखपत्र, सेवा संपली असेल तर डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला. आणि तुम्ही सवलतीला पात्र माणूस आहात हे सांगणारे कागद: कराचे भरणे, घरभाडं, शाळेची पत्रं, चर्च किंवा मंदिराचं पत्र, सैनिकाचं स्वतःच्या शब्दांतलं पत्र. हे शेवटचं पत्र बहुतेक लोक चार ओळीत उरकतात. उरकू नये. हा निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, 'नाही' म्हटलं तर कोर्टात फारसं काही करता येत नाही, आणि त्याला समोर दिसतात ते फक्त कागद.

ग्रीनकार्डच्या टप्प्यावर उत्पन्नाचं हमीपत्र, आय-८६४, लागतं. इतरांना गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, सक्रिय सेवेतल्या सैनिकाला जोडीदार आणि मुलांसाठी १०० टक्के पुरतं. सुरुवातीच्या पगारावरच्या शिपायाला एवढा फरकही मोलाचा असतो. फीचं मात्र जपून. जुलै २०२५ च्या कायद्याने पॅरोलवर १,००० डॉलरची वेगळी फी आणली आहे आणि तिला अपवादही ठेवले आहेत. तेव्हा अर्ज टाकायच्या दिवशी यूएससीआयएसच्या पानावर त्या दिवशीचा नियम वाचा, शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय भरलं ते नको.

अर्ज करावा की थांबावं, यावर आज घराघरात वाद आहे. अर्ज म्हणजे सरकारला आपला पत्ता आणि कबुली लेखी देणं, आणि नामंजूर झाला तर हद्दपारीची नोटीस येऊ शकते. ज्याचं दार स्वच्छ आहे, एकदाच शिरला, गुन्हा नाही, मुलगा नागरिक आणि एकवीसच्या पुढचा, त्याने थांबून काही मिळवण्यासारखं मला दिसत नाही. अर्ज पडून राहिला म्हणून अटकेपासून पूर्ण कवच मिळतं असंही नाही, पण वकिलाच्या हातात दाखवायला काहीतरी असतं. ज्याच्या भूतकाळात दुसऱ्यांदा शिरणं किंवा जुना आदेश आहे त्याने मात्र आधी वकिलाला दाखवल्याशिवाय एक कागदही टाकू नये. सल्ला फक्त वकिलाचा किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचा घ्या. लॅटिन वस्त्यांत 'नोटारिओ'ची पाटी लावून बसलेले आणि आपल्याकडे 'फॉर्म भरून देतो' म्हणणारे ओळखीचे गृहस्थ, दोघेही यात बसत नाहीत. सैनिकांसाठी तळावर जॅग अधिकाऱ्यांचं, म्हणजे लष्करी वकिलांचं, विधी सहाय्य कार्यालय असतं, आणि तिथे पैसे पडत नाहीत.

वकिलाकडे जाण्याआधी घरात एक काम करून ठेवा. आल्याचा दिवस आठवा, नीट आठवा. विमानाने आला असाल तर जुने पासपोर्ट काढा. २०१३ पर्यंत विमानतळावर आय-९४ चं, म्हणजे आल्याच्या नोंदीचं, पांढरं कार्ड पासपोर्टमध्ये पिनने लावून द्यायचे, आणि ते हरवलं असेल तर सरकारकडून नोंद मागवता येते. आणि गाडीतून आला असाल तर विचारा, कुठून आलो? कारण २०१० मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने एका प्रकरणात ठरवलं की अधिकृत नाक्यावर अधिकाऱ्याने गाडीत डोकावून, त्या माणसाला काहीही न विचारता 'जा' म्हणून हात केला, तरी तो कायदेशीर अर्थाने प्रवेशच आहे. म्हणजे मागच्या सीटवर झोपलेली ती सात वर्षांची मुलगी, जिला आयुष्यभर आपण चोरून आलो असं वाटत राहिलं, ती पहिल्या आईच्या रांगेतली निघू शकते. त्यासाठी गाडी कुणाची होती, रंग कुठला, पुढे कोण बसलं होतं, खिडकीतून काय दिसलं, हे शपथेवर सांगणारी माणसं लागतात. गाडी चालवणारा मामा अजून हयात असेल तर त्याला आजच फोन करा.